तान्ह्या पोळ्याची तालीम

हिवरखेड, २७ जुलै २०२५

चि. सौ. प्राजक्तास,

तुझ्या मायचा, पार्बताबाईचा, पोटभर आशीर्वाद. वि. वि. फोनच्या घंटीनं अश्विन कान दाबून रडते म्हणून तू पत्र धाडलं, बरं केलं. मले फोनवर तसंही अर्धंच ऐकू येते, उरलेलं मी मनानं जुळवते. हे पत्र आपल्या देवरावची पोरगी आचल लिहून राहिली. माझं बोलणं ती सभ्य करून लिहिते, असा मले संशय आहे.

डॉक्टरनं पोराले ऑटिझम सांगितला, ते समजलं. पण अमरावतीत एक केंद्र, अकोल्यात दुसरं, आणि दोन्हीकडे तू त्याले घेऊन धावून राहिली, ते काहून? तिथं करतात तरी काय? बियाण्याच्या दोन थैल्यांतला फरक सांगतात तसं सांग.

तान्हा पोळा जवळ आला. तुझ्या भावाच्या, गोपालच्या हाती चाकांचा लाकडी बैल धाडला आहे. नातू गल्लीत बैल ओढून मिरवेल, दारोदारचा बोजारा, ओवाळणीचा खाऊ-पैसा, खिशात भरेल, तेव्हा तुझ्या सासूचं तोंड पाहायले मी तिथं पाहिजे होती. पण गुडघा नाही म्हणते.

जेवत जा. इकडचा जीव तिकडेच आहे.

तुझी माय

&nbsp;

अमरावती, ४ ऑगस्ट

ती. मायस,

शि. सा. न. वि. वि. आचलला सांग, सभ्य करू नकोस. मला माय हवी आहे, मराठीचा पेपर नको.

फरक सांगते. अमरावतीच्या केंद्रात अश्विन टेबलाशी बसतो. एकेका कामाचे बारके तुकडे करतात, तुकडा जमला की लगेच बक्षीस. रोज सकाळी जावं लागतं. पाण्याचं चित्र हातात द्यायला तो तिथंच शिकला. तहान लागली की डोकं आपटायचा, ते थांबलं. हे मी विसरणार नाही.

अकोल्याच्या बाई सतरंजीवर बसतात. तो जे करेल ते त्याच्यासोबत करायचं आणि मग थांबायचं, त्यानं आपल्याकडे पाहीपर्यंत. एकदा त्यानं पाहिलं आणि हसला. माय, माझ्याकडे बघून हसला. पण हे घरी दिवसभर आईनंच करायचं असतं, आणि माझ्यात आता दिवसभर म्हणून काही उरलेलं नाही. बसमध्ये उभ्या उभ्या डोळा लागतो.

दोन्ही पुरं करणं झेपत नाही. दोघंही म्हणतात, वय लहान आहे, वेळ घालवू नका. डॉक्टर म्हणतात, दोन्हीनं मुलं पुढं जातात. कोणाला काय लागू पडेल हे आधी सांगता येत नाही.

तुझा बैल पोचला. अश्विननं तो उलटा केला आणि चाक फिरवत बसला. अकोल्याच्या बाई म्हणाल्या, तुम्हीही फिरवा. अमरावतीत मी विचारलं, ओढायला शिकवाल का? तिथल्या बाई हो म्हणाल्या, मनुका बक्षीस ठेवू. सासूबाईंनी जाहीर केलं आहे की पोरगं गल्लीत चाललं तर अमरावतीचंच केंद्र कायम, अकोला बंद. तुझे जावई नितेशही हो म्हणून मान हलवतात.

आशीर्वाद असू दे.

प्राजक्ता

&nbsp;

हिवरखेड, १० ऑगस्ट

चि. सौ. प्राजक्तास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तान्ह्या पोळ्याले परीक्षा ठेवलेली मी पहिल्यांदाच ऐकली बाप्पा. बैल पास होते का पोरगं, तेही कळव. पण खोटं कायले बोलू, मलेही वाटते त्यानं चालावं. इथं शेजारची जमुना रोज विचारते, नातू बोलते का. तिले एकदा तरी सांगू दे की मिरवून आला. मनुका चांगल्या घे, बियांच्या नको.

मायेत कमी नाही, हे ध्यानात ठेव.

तुझी माय

&nbsp;

अमरावती, २६ ऑगस्ट

ती. मायस,

शि. सा. न. वि. वि. अश्विन चालला. पूर्ण गल्ली. ढोल वाजत होता म्हणून त्याच्या कानात कापूस घातला होता. मी बाजूनं चालत थोड्या थोड्या वेळानं मनुका देत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी तिथंच त्याची दृष्ट काढली.

मग एका दारात बाई ओवाळायला वाकली. अश्विननं तिच्याकडे पाहिलं नाही, नुसता हात पुढं केला. तिनं चॉकलेट ठेवलं. पुढच्या घराचं दार बंद होतं. तिथं तो फाटकाच्या खांबापुढं थांबला आणि खांबापुढंही तसाच हात धरून उभा राहिला. मनुका येईल म्हणून. लोक हसले. मलाही हसावं लागलं.

केंद्राला दोष देऊ नकोस. पाणी मागायला शिकवा म्हटलं तेव्हा त्यांनी पाणी शिकवलं, बैल म्हटलं तेव्हा बैल. बैल त्याला नको होता, आपल्याला हवा होता. त्याला चाक हवं होतं.

घरात मात्र सगळे म्हणतात, निकाल लागला. मला अकोला हवं आहे आणि मी थकले आहे. तू सांगशील ते करेन.

प्राजक्ता

&nbsp;

हिवरखेड, २ सप्टेंबर

चि. सौ. प्राजक्तास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. मी काय सांगू? अक्षर येत नाही मले. म्हणून काल आचलले घेऊन अकोल्याच्या बाईकडे गेली. गुडघ्याले विचारलंच नाही.

मी म्हटलं, हे आईनंच करावं लागते का? त्या म्हणाल्या, घरातलं कोणीही शिकू शकते. मग मले एका दुसऱ्या लेकराजवळ सतरंजीवर बसवलं. ते झाकण आपटत होतं, मीही आपटलं. मग मी त्याले नाव विचारलं, गाव विचारलं, गाणं म्हटलं. बाई म्हणे, आजी, गप्प बसा, थांबा. बाप्पा! तुझ्या बापाले जन्मभर जमलं नाही ते या बाईनं एका दुपारी केलं. लेकरानं मात्र मले पाहिलं नाही. पुन्हा या, म्हणाल्या. पुन्हा जाईन.

जमुनाले सांगून टाकलं, नातू बोलत नाही, मी त्याच्यापाशी राहायले चालली.

नितेशरावांले सांग, टेबलाचं केंद्र सोडायचं नाही, फक्त पोराच्या गरजेचं तेवढंच मागायचं. दुखते कुठं, हे दाखवायले शिकवा म्हणा, आणि दिवस कमी करा. बाकी अकोल्याचं, घरी. तुझ्या सासूले मी पाहून घेईन. तिलेही सतरंजीवर बसवते.

रविवारी गोपाल मले सोडून देईल. दुपारी पोरगं माझ्यापाशी. तू आतून कडी लाव आणि झोप. ते रडलं तरी, मी हाक मारल्याशिवाय बाहेर येऊ नको.

तुझी माय