सातावरची आडवी रेघ

बाबा, रविवारी लेकीने मला पणजीला सिनेमाला नेलं. सरकारी खात्यातला एक अधिकारी मंत्र्याचा घोटाळा उघड करतो, अशी गोष्ट. नायक फाइल शर्टात खुपसून पळतो आणि झेरॉक्सचं मशीन एकदाही कागद अडकवत नाही. मला हसू आलं. लेक चिडली, "आई, लोक बघतात! हसतेस कित्याक?" मी म्हटलं, "कचेरीत कोण पळतं गो? तिथे फाइल चालते, तीही चहा पिऊन." पण मध्यंतरानंतर नायकाची बायको त्याला म्हणते, माफी मागून टाक. तेव्हा माझं हसणं थांबलं.

मी कॉलेजात होते. एका पुढाऱ्याला टेकडी हवी होती आणि तुमच्या कचेरीतल्या फाइलीत गावकऱ्यांचा हरकतीचा अर्ज होता. तो काढून टाका, असा निरोप आला. तुम्ही काढला नाहीत. आमोण्याहून थेट लांब, समुद्राकाठच्या केरीला बदली झाली. त्या दुपारी आई पातळभाजीला फोडणी देते आहे, तुम्ही बेकरीतली पोई मोडून बशीत ठेवली आहे आणि खात नाही आहात. मी समोर कागद ठेवते. साहेबांना माफीचं पत्र, माझ्या वळणदार अक्षरात. शिकलेली मी, घरात सगळ्यांत शहाणी. "फक्त सही करा," मी म्हणते. तुम्ही दोनदा वाचता. "अक्षर बरां आसा. भियेलां कोण, तू की मी?" मी रागाने म्हणते, "मी!" "मग भियेलंय म्हणून लिही. त्यात लाज ना. पण कागद फाडू नको. पानार नंबर घाल." सोमवारी पहिल्या बसने तुम्ही केरीला गेलात. पुढची चार वर्षं शनिवारी सुंगटांची सुकी मासळी घेऊन घरी येत राहिलात आणि त्या पत्राचा विषय कधी काढला नाहीत.

पानांवर नंबर घालणं हे तुमचं वेड आहे, असं मी मानत होते. मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही तुमचं शाईचं पेन दिलंत आणि बजावलंत, फाइल हातात आली की आधी नंबर, मग वाचन. तुम्ही पोर्तुगीज शाळेत शिकलेले, तुमच्या 7 च्या मधोमध आडवी रेघ असायची. तीच सवय मला लागली. कचेरीतल्या नव्या मुली त्यावरून मला हसतात.

आता नोकरीचं शेवटचं वर्ष आहे. गेल्या महिन्यात एका टेकडीची फाइल वरून फिरून माझ्या टेबलावर आली. नंबर सगळे ओळीने. सदतिसाव्या पानावर गावकऱ्यांचा हरकतीचा अर्ज मी स्वतः लावला होता. आता तिथे त्यांचं संमतिपत्र होतं आणि कोपऱ्यातल्या 37 मधल्या सातावर रेघ नव्हती. मी लेखी तक्रार दिली. साहेबांनी बोलावून समजावलं, "मॅडम, एक वर्ष राहिलंय. पेन्शनचे कागद कुठे अडकले, तर?" उद्या चौकशी अधिकाऱ्यासमोर माझा जबाब आहे. शेजारच्या टेबलावरची कारकून, दोन लेकरांची आई, काल म्हणाली, "मॅडम, आता माझ्या सातांनाही रेघ असते हां. बाकीच्यांकही शिकवलंय." मी तिला दटावलं, कामाकडे लक्ष दे म्हणून. पण बरं वाटलं, बाबा. खूप बरं वाटलं.

आज सकाळी साखळीच्या या घरात, तुम्ही गेल्यापासून बंद असलेली तुमची ट्रंक उघडली. तुमच्या बदलीचे कागद दोऱ्यात ओवलेले होते. शेवटचं पान म्हणजे माझं माफीपत्र. सही नाही. कोपऱ्यात तुमच्या हातचा 7, आडव्या रेघेचा.

हे पत्र कुठल्या पोस्टात टाकायचं नाही, म्हणून सांगून टाकते. काल मी उद्यासाठी आजारी रजेचा अर्ज लिहिला होता. कचेरीत दिला नाही आणि फाडलाही नाही. तुमच्याच दोऱ्यात ओवला आणि पुढचा नंबर घातला. उद्या पहिल्या बसने जाते. भियेलंय, बाबा.