सहीच्या तपासणीची फी

पप्पा, लातूरच्या घरासाठी भावानं तुमचं मृत्युपत्र कोर्टात दाखल केलं आणि त्यावरची सही तुमची नाही, असं मी लिहून दिलं. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. आता कोर्टाचा हुकूम आहे, सरकारी हस्ताक्षरतज्ज्ञाची फी मी सोमवारपर्यंत सरकारी खजिन्यात भरायची, मग कागद तपासायला जाईल. वकील म्हणाले, "ताई, फी भरली की तज्ज्ञ आपलाच." मला तुम्ही सरकारी हस्ताक्षरतज्ज्ञ होतात तेव्हाचं नांदेडचं आपलं क्वार्टर आठवलं.

मी शाळेतून आलेय, कॉन्व्हेंटचा टाय अजून गळ्यात आहे. व्हरांड्यात नायगावच्या एक बाई बसल्यात. नवरा गेल्यावर दिरानं त्याच्या सहीचं जमिनीचं खरेदीखत पुढं केलंय, आणि तो कागद तुमच्या टेबलावर येणार आहे. फीचे पैसे रुमालात बांधून त्या थेट घरी आल्यात, सोबत पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा.

"बाई, ही फी माझी नसते. खजिन्यात चलनानं भरा. आणि शेंगा परत न्या."

"मंग तुमाला काय भेटतं?"

"पगार."

"आन् बोलनार कोनाकडून? फी तर मी भरून राहिले."

"कागद सांगेल ते बोलणार."

बाई आईकडे वळल्या. "बघा मालकीणबाई, पैशे माझे आन् सायेब कागदाचे."

आई हसत चहा ठेवायला गेली. मी तोवर दोन शेंगा फोडल्या होत्या. तुम्ही नुसतं पाहिलंत आणि मी टरफलांसकट त्या पिशवीत टाकल्या. मग तुम्ही बाईंना विचारलंत, "सही मालकांची नाही, अशी खात्री आहे?"

त्यांनी रुमालाची गाठ चाचपली. "माज्यासमोर थोडीच केली? पर मला न सांगता जमीन इकनारा मानूस नव्हता त्यो."

"मग भरा फी," तुम्ही म्हणालात, किती मऊ आवाजात.

त्या बाईंना खरंच ठाऊक नव्हतं, पप्पा. मला ठाऊक आहे. शेवटच्या अक्षरावर पेन न उचलता मागं घेतलेली ती रेघ तुमचीच. कोर्टात कागद हातात आला त्याच क्षणी मी ती ओळखली. घर एकट्या भावाला का दिलंत, मला एका शब्दानं का नाही सांगितलंत, हे विचारायला कुठलं कोर्ट नव्हतं, म्हणून मी सहीवर बोट ठेवलं.

फी मी भरणार नाही. वकिलांना आणि भावाला अजून सांगितलेलं नाही. तेवढा धीर अजून झालेला नाही.