पाटी तीच, रोप दुसरं

बाबा,

आधी काय झालं ते क्रमाने लिहिते.

१. मी राहते त्या हिंदी बोलणाऱ्या शहरात, शंकर नगरातल्या एका समितीने अभनपूरकडचा एक भाठा, म्हणजे आपल्याकडची ती लाल, मुरमाड, गवताची माळजमीन, हिरवी करायला घेतली. गेलेल्या माणसाच्या नावाने देणगी द्यायची. त्याच्या नावाची पाटी लावून झाड लावलं जाईल.
२. मी नकाशे आणि मोजणीचं काम करते. प्रत्येक रोपाची जागा नोंदवणं आणि वर्षाने ते जिवंत आहे का हे पाहणं माझ्याकडे आलं.
३. बहुतेक रोपं पहिल्याच उन्हाळ्यात मेली.
४. पुण्यतिथीला घरचे लोक पाणी घालायला येतात. आदल्या दिवशी समितीचा माणूस मेलेलं रोप उपटतो आणि त्याच पाटीखाली नर्सरीतून आणलेलं मोठं रोप लावतो.
५. सगळी झाडं जगली, अशा अहवालावर आता माझी सही हवी आहे. तो दाखवून पुढच्या भाठ्यासाठी देणग्या मागायच्या आहेत.

भाठ्यावर वीतभर मातीखाली दगड लागतो. तिथे गवत जगतं, गवतात चंडोल घरटं करतो, उघड्या मुरमावर टिटवी अंडी घालते. पहिल्याच बैठकीत मी हे नकाशा लावून सांगितलं होतं. अध्यक्षांनी काजूची बशी माझ्याकडे सरकवली. "दीदी, घास के नाम पे चंदा कौन देगा? बाप की याद में घास लगवाऊँ?" सगळे हसले. मग जेसीबी आला. गवत गेलं, टिटव्या गेल्या, आणि समितीच्या पत्रकावर "पक्ष्यांचा अधिवास परत आणू या" असं छापून आलं. वर अध्यक्षांचा फोटो, हातात झारी. झारीत पाणी नव्हतं. मी तिथेच उभी होते.

गेल्या महिन्यात पुरानी बस्तीत राहणाऱ्या, आपली बोली बोलणाऱ्या एक आजी आल्या. नवऱ्याच्या पाटीसमोर वाकल्या, पानाला हात लावला आणि थांबल्या. "कडुनिंब होतं ना जी हे? मी माझ्या हातानं लावलं होतं." समोर करंज होता. समितीचा सचिव जराही अडखळला नाही. "माताजी, यहाँ की मिट्टी में पत्ता बदल जाता है." आजी माझ्याकडे वळल्या. "तू तं शिकलेली दिसतेस. होते का वं असं?"

असल्या माणसांचा तिरस्कार करायला मी बाराव्या वर्षी शिकले, आणि सुरुवात तुमच्यापासून. रविवार आहे. तुम्ही मला लुनावर बसवून, तुमच्या नोकरीतली रोपांची मोजणी करायला, सरकारी रोपवनात नेलं आहे. रांगेतून चालत मी मोठ्याने म्हणते आहे, मेलं, मेलं, जिवंत, मेलं. तुम्ही बांधावर बसून रजिस्टरात "सर्व जिवंत" लिहिता. अक्षर सुंदर आहे. "बाबा, काहून खोटं लिहून राहिले?" "चूप बस, पोट्टे. साहेबाले काड्या दाखवू का मी? तुह्या शाळेची फी कोन भरन मंग?" परतीच्या वाटेवर तुम्ही मला उसाचा रस पाजलात. मी तो पूर्ण प्यायले. त्यानंतर तुमच्या अक्षराचं कोणी कौतुक केलं की मी खोलीतून उठून जायची. पुढे मोजणीची यंत्रं शिकले ती तुमच्यासारखं होऊ नये म्हणून. तुम्ही गेलात तेव्हा हे सांगायचं राहिलं होतं.

अहवाल मी खरा लिहिला आहे. खड्ड्याचा क्रमांक, लावलेली जात, आज असलेली जात, एवढंच. शनिवारच्या बैठकीत तो ठेवला की काम जाईल. त्याचं विशेष वाटत नाही. पण त्याआधी सकाळी त्याची एक प्रत मला पुरानी बस्तीत न्यायची आहे, आणि ते जमेल की नाही याची खात्री नाही. कारण आजींनी विचारलं तेव्हा मी "होतं कधी कधी" म्हणाले होते. आवाज जराही हलला नाही. अगदी तुमच्या अक्षरासारखा.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. तरी, पहिल्यांदा "सर्व जिवंत" लिहिलंत त्या दिवशी घरी येऊन तुम्ही जेवलात का, एवढं मला शुक्रवारपर्यंत कळवा.