जावईबापूंना ओळखणारी माणसं

छबीच्या आईस,

देवाच्या दयेने आम्ही दोघं धडधाकट आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? फोनवर हे बोलायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितो.

रविवारी सकाळी पूजा आटोपून, तू बजावलंस तसं लेकीला म्हटलं, "आता इथं तुझं कोण आहे? घरी चल." ती म्हणाली, "बाबा, आधी जेवायला चला."

जावईबापू दर रविवारी तिला ज्या इटालियन हॉटेलात न्यायचे, तिथं गेलो. तिथं एकेक पदार्थ सावकाश येतो. मी सूप पिऊन हात धुऊन आलो, तर म्हणाली, "अहो बाबा, जेवण अजून यायचंय!" जावईबापू गेल्यापासून पहिल्यांदाच हसली गं.

हॉटेलच्या मालकीणबाईंना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी जावईबापूंसाठी तिसरी ताटली मांडली. छबीने बाईंच्या भाषेत हळूच सांगितलं. बाईंनी तिला पोटाशी धरलं. माझ्यासमोर डोळ्यांतून टिपूस न काढलेली पोर हमसून हमसून रडली. मग दोघी जावईबापूंबद्दलच बोलत बसल्या. मधूनच मला सांगायची, "बाबा, तो इथं मिरच्या मागून मागून खायचा." जेवण दुपारभर चाललं. तिने ताटली पुसून खाल्ली.

आपल्याकडे त्यांना ओळखतं कोण? लग्नाच्या चार दिवसांत पाहिले, तेवढेच. तिथं ती कोणापाशी रडणार?

तिची खोली तू झाडून ठेवली असशील. माझ्यावर रागव, पण तिला बोलू नकोस. काल तिला सोबत घेऊन विमान कंपनीच्या कचेरीत गेलो आणि तिचं तिकीट रद्द केलं.

छबीचे बाबा