नांदेडचा कावळा, लातूरचा कावळा

नांदेड
भाद्रपद वद्य षष्ठी, शके १८६५

ती. दादास सौदामिनीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

काल बाबांच्या श्राद्धाला काय घडलं, ते आईच्या पत्रातून तुला वेगळंच कळेल. म्हणून क्रमाने लिहिते.

१. आई परसात चिमण्यांसाठी ताटली टांगते. तिच्यातला दाणा पारवे आणि कावळे संपवत होते.
२. पारव्यांसाठी मी ताटलीभोवती दीड इंची घरांची तारेची जाळी बसवली. चिमणी आत जाते, पारवा जात नाही.
३. कावळे जाळीत चोच घालू लागले. म्हणून फाटक्या छत्रीचं काळं कापड मेलेल्या कावळ्यासारखं उलटं टांगलं. त्यांनी अर्धा दिवस आरडाओरडा केला. नंतर एकवीस दिवस एकही फिरकला नाही.
४. काल आईने बाबांचं पान परसातल्याच भिंतीवर ठेवलं. कावळा आला नाही.

मी दवाखान्यातलं काम उरकून आले तेव्हा आई दोन तास उपाशी, हात जोडून उभी होती. कावळा यावा म्हणून तिने बाबांना दोन वचनं दिली होती: लातूरला तुझ्याकडे राहायला येण्याचं आणि वर्षाच्या आत माझं लग्न करण्याचं. तरीही तो आला नाही. या दोन्ही गोष्टी बाबांना नापसंत आहेत असाही याचा अर्थ निघतो, पण तो मी काढून दाखवला नाही. छत्रीच्या कापडाचं मात्र सांगितलं. एवढ्या लांबून आलेला माणूस चिंधीला भिईल का, असं तिने मलाच विचारलं. शेवटी पान गाईला दिलं. बाबा रागावलेत असं आईने ठरवलं आहे. काल संध्याकाळपासून ती नीट जेवलेली नाही.

चंद्रप्रभावहिनींस नमस्कार. लोभ आहे तेवढा तरी राहू द्यावा.

सौदामिनी


लातूर
भाद्रपद वद्य नवमी

चि. सौदामिनीस अनेक आशीर्वाद.

तुझा अहवाल पावला. खाली दवाखान्याचा शिक्का तेवढा राहिला. इथे शेरभर ज्वारीसाठी माणसं रांगा लावून उभी आहेत आणि नांदेडला कोणत्या पाखराने जेवावं याचा बंदोबस्त चालू आहे. हैदराबादेत औषधं तोलायला शिकवतात असं ऐकलं होतं. कावळ्यांचं खातंही त्यातच आहे हे ठाऊक नव्हतं.

कचेरीतून रुखसत मिळाली नाही म्हणून मी श्राद्ध इथेच केलं. पान ठेवून मागे वळलो नाही तोच कावळा येऊन वडा घेऊन गेला. तुझी वहिनी साक्षीला आहे. बाबांचा कौल याहून स्पष्ट काय असणार? आईने मुलाकडे राहावं.

आश्विन शुद्ध सप्तमीला मी येतो. आईचं सामान बांधून ठेव. ती नसताना दवाखान्याच्या खोलीत तू एकटीने राहायचं नाही, तेव्हा राजीनामाही देऊन ठेव. उदगीरचं स्थळ अजून थांबलेलं आहे. त्यांना दवाखान्याचं सांगितलं आहे, छत्रीचं नाही.

तुझं भलंच चिंतणारा,
रेणुकादास


नांदेड
भाद्रपद वद्य द्वादशी

ती. दादास शि. सा. नमस्कार वि. वि.

लातूरच्या कावळ्यालाही नमस्कार. तुझ्या घरामागे अडत बाजार आहे. तिथला कावळा भिंतीवर तुझ्या कचेरीची नोटीस ठेवली तरी उचलून नेईल. त्याच्या वागण्यावरून बाबांचं मत ठरवायचं तर बाबा रोज सकाळी हमालांच्या भाकरीही पळवतात असं धरावं लागेल.

तुझं पत्र यायच्या आधीच, सप्तमीला, मी ते कापड काढलं. दशमीला कावळे परतले आणि जाळीत चोची घालून ताटली रिकामी केली. चिमण्या पन्हाळीवर बसून बघत राहिल्या. आज आईला त्याच भिंतीवर, त्याच जागी पुन्हा पान मांडायला लावलं. वचन काही द्यायचं नाही, एवढी अट घातली. दवाखान्यातली आया केवळाबाई बघायला आली होती. म्हणाली, "लई शिकल्या बाई. आता कावळ्यालाबी औषध पाजा."

अठराव्या मिनिटाला कावळा आला. आधी दहीभात, मग वडा. आईने पदर डोळ्यांना लावला. मी घड्याळाकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे बघणं जमलं नाही.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "हे जेवले. आता ते काळं परत टांग. चिमण्या दोन दिवस उपाशी आहेत."

लातूरचं काय, असं मी विचारलं. कावळा आला नाही त्या दिवशी दिलेलं वचन बाबांनी घेतलंच नाही, असं तिचं म्हणणं आहे. तिला इथे राहायचं आहे. पण तुला नाही म्हणणं तिच्या तोंडून होणार नाही. तू दारात उभा राहिलास की ती मुकाट्याने ट्रंक भरेल आणि आनंदाने आले असं सगळ्यांना सांगेल. आई गेली की माझी नोकरी जाते. हे पत्र मी त्यासाठी लिहिते आहे असं समजलास तरी चूक नाही. पण त्यामुळे आईचं म्हणणं खोटं ठरत नाही.

खोली ठेवायची की सोडायची, ते डॉक्टरीणबाईंना शुद्ध पंचमीला सांगायचं आहे. आईने नांदेडलाच राहावं, अशा दोन ओळी तिच्या नावे, तुझ्या अक्षरात लिहून पाठव. माझ्या सांगण्यावर ती विश्वास ठेवणार नाही.

आश्विन शुद्ध चतुर्थीपर्यंत उत्तर हातात पडावं.

सौदामिनी