बालाझदादाची चाल

५ फेब्रुवारी १९९४

आज बालाझदादाला पुरलं. जमीन इतकी गोठली होती की कुदळी उसळत होत्या.

आमच्या गावात प्रत्येक पुरुषाची एक चाल असते. नाचायला उठला की तीच मागतो, आणि गेला की कबरीपाशी तीच वाजवायची. सगळ्या गावाच्या चाली दादाच्या व्हायोलिनमध्ये होत्या. किती जणांना त्याने वाजवून पोचवलं! आणि त्याच्या वेळी व्हायोलिन धरणारा कोणी नाही.

मी कोंत्रा, म्हणजे साथीचं तीन तारांचं व्हायोलिन घेऊन, आमच्या ताफ्यातला केलेमेन बास घेऊन. दोघे नुसती साथ वाजवत उभे — झ्रूम-झ्रूम, झ्रूम-झ्रूम. मधली जागा रिकामी. लोक टोप्या काढून ती रिकामी जागा ऐकत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

६ फेब्रुवारी

काल खरी गोष्ट लिहिली नाही. व्हायोलिनवाला मिळाला असता तरी त्याला काय सांगणार होतो? दादाची चाल कुठली, ते मला आठवतच नाही. एक्केचाळीस वर्षं त्याच्या डाव्या हाताला बसलो. सख्खा भाऊ.

२० फेब्रुवारी

रोझालवहिनीकडे गेलो. तिने दार अर्धंच उघडलं. म्हटलं, ‘वहिनी, दादाची चाल तेवढी गुणगुणून दाखव. कबरीवर जाऊन नीट वाजवीन म्हणतो.’

‘वर्षभर या घरात गाणं नाही, भाऊजी. आणि कबरीपाशी वाजवून आलात ना? आता मला काय विचारता?’

दार लागलं. टोमणा बरोबर बसला. तसं वाजवायला नको होतं.

११ मार्च

त्याचं व्हायोलिन धरून बघितलं. माझ्या बोटांना तिन्ही तारा एकदम दाबायची सवय, एकेक सूर काढताच येत नाही. शिकवतो म्हणत होता तेव्हा मी म्हणालो होतो, तू आहेस की! गाढव मी.

१ मे

काल आरोनकाकांच्या नातीचं लग्न. सुतकात वाजवायला गेलो. धंदाच तो, न जाऊन सांगतो कुणाला?

शेजारच्या गावाहून व्हायोलिनवाला आणला होता. कोबीचं जेवण झालं, पुरुषांचा नाच सुरू झाला. काका एकोणऐंशीचे, पण उठले. व्हायोलिनवाल्याने भलतंच काहीतरी धरलं. काका दोन पावलं टाकून थांबले.

‘ही आमच्या शेजाऱ्याची. मी नाचलो तर तो थडग्यातून उठून भांडायला येईल. तू बस बाबा, घोटभर घे. विन्त्से, केलेमेन, तुम्ही दोघंच वाजवा.’

वाजवलं. काकांनी चुटक्या वाजवत टाचा आपटल्या, बुटावर थाप मारली, पुन्हा मारली. त्यांना आत दादाचं व्हायोलिन ऐकू येत होतं बहुतेक. शेवटच्या उडीला गुडघा दुमडला, तेव्हा माझ्या खांद्याला धरून उभे राहिले. कोणी हसलं नाही. माझे डोळे वाहत होते आणि पुसायला हात रिकामा नव्हता.

नंतर बाकावर टेकल्यावर विचारलं, ‘काका, दादाची चाल कुठली हो?’

‘त्याला नाचताना कोणी बघितलंय? जन्मभर वाजवतच होता. माझ्या पायांकडेसुद्धा बघायचा नाही. त्याची नजर तुझ्या हातावर.’

‘चुकतोय का ते बघत असेल.’

काकांनी आलुबुखाराच्या दारूचा पेला माझ्यापुढे सरकवला.

३ नोव्हेंबर

काल मृतांचा दिवस, सगळ्या कबरींवर मेणबत्त्या लागल्या. त्याच्या कबरीवर मीही लावली. न वाजवताच परत आलो.

६ फेब्रुवारी १९९५

काल त्याला पुरल्याला वर्ष झालं. आज सकाळी रोझालवहिनी आपण होऊन आली. काळा रुमाल डोक्यावरच. उभ्या उभ्या म्हणाली, ‘आता गायला हरकत नाही. रोज दाढी करताना एकच गुणगुणायचा, ऐका.’

आणि ती माझ्या स्वयंपाकघरात म्हणू लागली — झ्रूम-झ्रूम, झ्रूम-झ्रूम.

म्हटलं, ‘वहिनी, ही तर माझी साथ.’

‘हीच त्याची चाल. बाकीचं लोकांसाठी वाजवतो म्हणायचा. तुम्ही कबरीपाशी वाजवलीत की, मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे.’