साफ केलेला नकाशा

१२ फेब्रुवारी २००४, स्टेट कॉलेज

आज पुन्हा सायलेशिया! एकेकाळचा जर्मन प्रांत, आता बराचसा पोलंडमध्ये — आणि मी इथे पेनसिल्व्हेनियातल्या लॅबमध्ये त्याचे शंभर वर्षांपूर्वीचे नकाशे कॉम्प्युटरवर गिरवतेय. ओडर नदी निळी, कोळसा काळा, जस्ताच्या खाणी लाल. बाकी सगळा सरांच्या भाषेत ‘नॉइज’. झाडं, चर्च, क्रूस — पुसून टाकायचं.

१५ फेब्रुवारी

घरमालकीण कोलर आजी तिथल्याच निघाल्या! पंचेचाळीस साली सगळं सोडून पळाल्या, सोबत कागदाचा कपटासुद्धा नाही. वडील खाणीत होते. खाणीच्या मागे दफनभूमी, तिथे धाकटा भाऊ पुरलाय, पाच वर्षांचा. आजींची मुलगी कॅरन म्हणते, असा भाऊ नव्हताच, आईचं डोकं आता चालत नाही, तिला वृद्धाश्रमात ठेवायला हवं.

आजींनी हळूच विचारलं, "तुझ्या नकाशात बघशील?"

बघते म्हटलं. त्यात काय एवढं!

१८ फेब्रुवारी

बघितलं. गाव आहे, खाण आहे, ओढासुद्धा त्यांनी सांगितला तिथेच. दफनभूमी नाही. तसं सांगून टाकलं, कॅरनसमोरच. कॅरनने माझे आभार मानले.

२ मार्च

आजींना आज नेलं. त्यांचं शिवणयंत्रही गेलं. सावनी — माझी रूममेट, पक्की नागपूरकर — म्हणते, यार, नव्हतं तर नव्हतं, तू काय करणार? जेवण गेलं नाही.

९ मार्च

कोळशाचा आकडा जुळेना म्हणून सरांनी मूळ कागद काढायला लावला. खाणीच्या मागे एक चौकोन, आत बारीक बारीक क्रूस!

मीच पुसलेत. जानेवारीत, हेडफोनवर गाणी ऐकत. आणि आजींसाठी बघितला तो माझा साफ केलेला नकाशा! मूळ कागद दोन पावलांवर ड्रॉवरमध्ये होता. उठायला काय झालं होतं मला? मोठी नकाशातली जाणकार! एका शहाण्या बाईला तिच्या मुलीसमोर खोटी पाडली मी. लाज वाटते.

१० मार्च

कॅरनला फोन करून सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं तिने. म्हणाली, थँक्स, पण आई आता तिथे रुळलीय.

१३ मार्च

मूळ नकाशाची मोठी प्रिंट घेऊन वृद्धाश्रमात गेले. चूक माझी होती, तुम्ही बरोबर होतात, हे बघा क्रूस — सगळं कबूल केलं. आजींनी चष्मा लावला, त्या चौकोनावरून बोट फिरवलं. मग माझ्या गालाला हात लावला.

"मला भाऊ नव्हता गं. तूच तर शोधून सांगितलंस. तरी माझ्यासाठी एवढं काढून आणलंस? किती गुणाची आहेस."